खुंटी आणि वरच्या मजल्यावरचं चॅनल

आमच्या सुतारकामाच्या कारखान्यात खुंटी नावाची एक मुलगी आहे. नाव मीच ठेवलं. लहान असताना ती शाळेतून आली की आमच्या दारामागे भिंतीला चिकटून उभी राहायची. बोलायची नाही, हलायची नाही. "ही पोर आहे की खुंटी?" असं मी एकदा म्हणाले आणि ते चिकटलं. आज ती कपाटाचं दार असं बसवते की फटीतून कागद सरकणार नाही, आणि बडबड इतकी करते की आमचे हे कानात बोळे घालून बसतात.

ती आमच्या वरच्याच मजल्यावर राहायची. तिच्या आईचं चॅनल होतं, 'आमचं हसरं घर' की काय. लाखो लोक बघायचे. मीही बघायचे, खोटं कशाला बोलू? पडद्यावर मायलेकी एकमेकींच्या गळ्यात, आणि आम्हाला छतातून ऐकू यायच्या त्या थपडा. हसू नीट आलं नाही की थप्पड, रडू वेळेवर आलं नाही की चिमटा. मनासारखं शूटिंग होईपर्यंत पोरीला जेवण नाही. बाप दिवा आणि फोन धरायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी वर जाऊन कडाकडा भांडले, तर दुसऱ्या दिवशी 'आमच्या जळक्या शेजारीणबाई' म्हणून माझ्यावरच व्हिडिओ! त्यात मी जाड दिसत होते, तो राग वेगळाच.

उपाय सापडला आमच्या ह्यांना. करवतीचं मशीन चालू झालं की वरचं शूटिंग बंद पडायचं, आवाज खराब होतो म्हणून. शूटिंग बंद की मार बंद, आणि पोर खाली. हे कळल्यावर आमचे हे कापायला लाकूड नसलं तरी मशीन चालवायला लागले. मी विजेच्या नावाने बोंब मारली, तर म्हणाले, "पोरगी जेवतेय ना? जेवू दे." अशी जेवता जेवता खुंटी रंधा मारायला शिकली. सज्ञान झाली त्या दिवशी कपड्यांची पिशवी घेऊन खाली उतरली, ती पुन्हा वर गेलीच नाही.

पण वर धाकटी बहीण होती. आता हसायची-रडायची पाळी तिच्यावर आली. खुंटीचा सगळा जीव तिच्यात अडकलेला. घास तोंडाशी नेऊन छताकडे बघत बसायची. शेवटी आईकडून निरोप आला. लोक काहीबाही लिहायला लागले होते, म्हणून खुंटीने कॅमेऱ्यासमोर सांगायचं की आईने कधी हात उगारला नाही. मग धाकटीला सुट्टीत खाली पाठवीन.

"अजिबात ऐकू नकोस," मी म्हणाले.

"काकू, ती खाली येणार असेल तर मी दिवसभर खोटं बोलेन."

कारखान्यातच लाइव्ह करायचं ठरलं. वरच्या बाई धाकटीला घेऊन आल्या, भुशाला नाक मुरडलं, आमच्या ह्यांना "जरा बाजूला व्हा, मागे दिसताय" म्हणाल्या. स्वतःच्या कारखान्यात बिचारे दाराबाहेर उभे राहिले. बापाने फोन तिकाटण्यावर लावला.

"सुरू नाही ना केलंस?" बाईंनी विचारलं.

"अजून नाही."

बाईंनी धाकटीला पुढे ओढलं. "ताईला बघून रडायचं, कळलं?" पण पोरीला कुठलं रडू? ताई दिसल्यावर तिचं हसूच थांबेना. बाईंनी खाडकन तिच्या थोबाडीत दिली. "आता येईल रडू!"

खुंटीने झडप घालून धाकटीला पाठीशी घेतलं. तेवढ्यात दाराबाहेरून आमचे हे आपला फोन नाचवत ओरडले, "अहो, हे सगळं इथे दिसतंय!" बापाचा फोन पहिल्यापासून सुरू होता. साऱ्या जगाने पाहिलं. मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या कार्यालयातल्या बाई संध्याकाळी दारात हजर. आईचं 'तो अभिनय होता' वगैरे सांगून झालं, पण व्यर्थ. पुढे धाकटी रीतसर खुंटीकडे राहायला आली. आता ती भुशात लोळते, आणि कुणी न सांगता हसते. चॅनलला टाळं लागलं.

परवा बाप धाकटीचे उरलेसुरले कपडे घेऊन आला. त्याच्याच फोनमुळे धाकटी सुटली म्हणून आमच्या कारागिरांनी त्याला डोक्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. मी विचारलं, "बटण चुकून दाबलं गेलं का हो?"

"इतकी वर्षं दाबतोय वहिनी, चुकेन कसा?"

मला तर भरूनच आलं. खुंटी रंधा मारत होती, ती थांबली.

"बाबा, मग माझ्या वेळी का नाही दाबलंत?"

बापाची मान खाली गेली आणि तो उभ्या उभ्या रडायला लागला. खुंटीने स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. ती येईलच शाळेतून, तिला भेटून जा. माझं आपण नंतर बघू."