पेरूच्या बुंध्यावरच्या गांधीलमाश्या

तिवश्याजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत येणारा प्रत्येक माणूस आधी वडिलांना रामराम घाली. अळीवाले आबाजी मात्र थेट झाडाच्या बुडाशी वाकून अळीने पाडलेला भुसा शोधत. बांधावरचा चहा निवून जाई. वडिलांनी हाक मारली, की म्हणत, "आंदी झाडाले इचारू द्या, भाऊ. मालकाले काय मालूम?" दुसऱ्या कुणाचं असलं बोलणं वडिलांनी ऐकून घेतलं नसतं!

खोड पोखरणाऱ्या अळीवर त्यांचा भारी दात. भोकात तार घालून ती ओढायची, रॉकेलचा बोळा कोंबायचा, वरून चिखल लिंपायचा. तिचा पतंग तर महाबिलंदर! काचेसारखे पंख, अंगावर पिवळे पट्टे, हुबेहूब गांधीलमाशी. आम्ही पोरं पळत सुटायचो. आबाजी तो चिमटीत धरून नाकाशी आणत. "डंख नाई याले. नुसतं सोंग हाय. पन दिसला का मले सांगजा."

त्यांच्या दारात पेरूचं झाड होतं. एकुलत्या एक लेकीने, कुंदाने शाळेतून रोप आणून लावलेलं. कुंदा बारावीत तापाने गेली. तेव्हापासून आबाजी त्या झाडालाच 'कुंदे' म्हणून हाक मारत.

एकदा अकोल्याहून माहेरी आले असताना त्यांच्याकडे गेले. आबाजी बाहेरगावच्या बागांवर. तेव्हा ते अंधारात निघत, अंधारातच परतत. चहा पिताना पेरूच्या बुंध्यावर दोन-तीन गांधीलमाश्या दिसल्या. मी काकूंकडे, आबाजींच्या बायकोकडे पाहिलं.

"पंधरा दिस झाले, येऊन राह्यल्या," काकू म्हणाल्या. "पन त्याइले मी काय शिकवू?"

मलाही तेच वाटलं. आबाजींच्या दारातल्या झाडाचं आबाजींना काय सांगायचं! मी मूर्ख, गप्प बसले.

पुढे झाड वाळू लागलं. आबाजींनी सगळी कामं सोडली, पण खोड आतून पोकळ झालं होतं. उन्हाळ्यातल्या एका वादळात ते पडलं. मी रडत सगळं कबूल केलं. त्यांनी रागवायला हवं होतं. ते एवढंच म्हणाले, "मी तरी कुठी पाह्यलं, माय? लोकाइचे झाडं पाहून राह्यलो होतो."

वडिलांनी पेरूचं चांगलं कलम नेऊन दिलं. आबाजींनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि शेजाऱ्याच्या आवारात लावलं. "झाड चांगलं हाय, भाऊ. पन माह्या पोरीनं नाई ना लावलं."

त्यानंतर ते कुणाच्याच बागेत गेले नाहीत. गेल्या हिवाळ्यात वारले.

मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी माझा हात धरून विचारलं, "तवाच सांगतलं असतं तं वाचलं असतं का वं झाड?"

"नाही, काकू," मी म्हणाले.

वाचलं असतं.