वल्ह्याला लावलेला कान

"दर्यो कोणाचा काय ठेवणा नाय. आज ना उद्या परत देताच."

हे बाबलीचं बोलणं. तोंडवलीच्या किनाऱ्यावर कोणाचं काहीही हरवो, तो हेच म्हणायचा. जाळ्याचा बोया तुटून गेला की म्हणायचा. एकदा एका पर्यटकाची चप्पल लाटेने नेली, तो बिचारा बगळ्यासारखा एका पायावर उभा. बाबली त्याच्याशी शुद्ध मराठीत बोलला, "साहेब, समुद्र कोणाचं काही ठेवत नाही, थांबा जरा." दुपारी चप्पल खरंच किनाऱ्याला लागली. लोक हसले. पण हे वाक्य बाबलीने हसण्यावारी मिळवलेलं नव्हतं. होडी उलटून बाप गेला तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटत होती. तिसऱ्या दिवशी सुरूच्या बनासमोर बाप परत आला. त्याच्या तोंडावरची वाळू आपल्या सदऱ्याने पुसताना बाबलीने हे वाक्य पहिल्यांदा म्हटलं, असं जुनी माणसं सांगतात.

बापाने मागे दोन गोष्टी ठेवल्या. एक वल्हं आणि दुसरी, ते वल्हं कानाला लावायची विद्या.

घोळ नावाचा मोठा मासा असतो. तो पाण्याखाली बोलतो. इंजिन बंद करायचं, होडी वाहू द्यायची, वल्ह्याचं पातं पाण्यात आणि दांडा कानामागच्या हाडाला टेकवून डोळे मिटायचे. मग खालून आवाज येतो. बंद दारावर कोणी आतून बोटाच्या पेराने ठोठावत असावं, तसा. हा आवाज ऐकू येणारे आता फार थोडे उरलेत. बाबलीला घोळ किती, कुठे आणि कुठल्या दिशेने चालली आहे, एवढं सगळं कळायचं. गावात त्याला 'कानाचो बाबली' म्हणायचे, आणि ते नाव तो मानाच्या फेट्यासारखं मिरवायचा.

अशा माणसाची मुलगी बहिरी जन्मली.

प्राजक्ता तिचं नाव, घरात प्राजू. देवळात ढोल वाजला तरी मांडीवरचं पोर दचकत नाही, हे आनंदीने, तिच्या आईने, आधी ओळखलं. बाबली ऐकेना. "आयकाक येता तिका. मनावर घेणा नाय, आवशीवर गेली हा," असं म्हणत, आईवर खापर फोडून त्याने वर्ष घालवलं. शेवटी आनंदीच पोरीला काखेत मारून ओरोसच्या सरकारी इस्पितळात तपासायला गेली, तेव्हा हाही मुकाट मागून निघाला.

प्राजू तीन वर्षांची झाल्यावर कोल्हापूरला सरकारी योजनेतून तिचं ऑपरेशन झालं. डॉक्टरने कागदावर कानाचं आतलं चित्र काढून दाखवलं. बाबलीने चित्राकडे पाहिलं आणि म्हणाला, "हा तर शंख." डॉक्टर म्हणाला, तसंच समजा. कातडीखाली, हाडात एक लहानसं यंत्र बसवायचं, आणि त्यातून निघालेली केसासारखी तार त्या शंखाच्या वळणांतून आत सरकवायची. ते आतलं यंत्र जन्मभर आतच राहणार. बाहेर कानामागे एक दुसरं यंत्र अडकवायचं. आवाज ते टिपणार. त्याच्यापासून निघालेल्या वायरीच्या टोकाला एक गोल चकती असते. चकतीत लोहचुंबक असतं, डोक्यातही असतं, त्यामुळे चकती केसांवर आपोआप चिकटून बसते आणि आवाज आतल्या यंत्राला पोचवते.

तेव्हापासून बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणाऱ्या रॉविना टीचर आणि आनंदी दोघींनी पोरीला एकेक शब्द शिकवला. टीचरचा एक खेळ होता. प्राजूने पाठ करून उभं राहायचं, मागून टीचरने शब्द बोलायचा आणि प्राजूने न पाहता तो परत म्हणायचा. 'माड' म्हणायला चार महिने लागले. आनंदी रोज तिला माडाखाली उभी करायची आणि मागून म्हणायची, माड, माड, माड. शेजारणी म्हणायच्या, ह्या बायचा डोक्या फिरला. ज्या दिवशी पोरीने पाठमोरी 'माड' म्हटलं, त्या दिवशी आनंदीने त्याच शेजारणींच्या घरी खोबऱ्याच्या वड्या वाटल्या.

बाबलीने आपल्या परीने काळजी घेतली. गळाला लावायची नायलॉनची तंगूस त्याने त्या यंत्रात ओवली आणि दुसरं टोक पोरीच्या वेणीत बांधलं. गाठ अशी की, देवमासा ओढला तरी सुटू नये.

पाच वर्षांची झाल्यावर एका संध्याकाळी प्राजू पडवीत उभी राहिली आणि समुद्राकडे बोट करून तिने विचारलं, "कोण बोलता?"

"दर्यो," बाबली म्हणाला.

"काय म्हणता?"

एवढ्या मोठ्या कानाचा माणूस कोपऱ्यातल्या वल्ह्याकडे पाहू लागला. त्याच्या मनाने घेतलं, की पाण्याखालचं बोलणं हिला ऐकवायचंच. भाद्रपद उतरला होता, खाडीच्या तोंडाशी घोळ आली होती. सकाळच्या शांत पाण्यात त्याने प्राजूला होडीत घेतलं. जागा आली तसं इंजिन बंद केलं, वल्हं खाली सोडलं आणि दांडा तिच्या कानाला लावला.

"येता?"

प्राजूने मान हलवली. "नाय."

मग त्याच्या ध्यानात आलं. पोर कानाने ऐकत नाही, यंत्राने ऐकते. आवाज यंत्राला भेटायला हवा. त्याने वेणीतली ती गाठ सोडली, आपली स्वतःची गाठ, आपल्याच बोटांनी. यंत्र तिच्या कानामागून काढलं आणि दांड्याला टेकवून धरलं. चकती डोक्यावर तशीच होती. वायर आखूड, म्हणून पोर वाकली.

आणि तिने ऐकलं. डोळे एवढे मोठे झाले तिचे.

"बाबा! कोणतरी दार ठोकता!"

बाबलीच्या सगळ्या आयुष्यात त्या एका क्षणासारखा दुसरा क्षण नव्हता. आणि तो क्षण तेवढाच टिकला. दार ठोकणारा दिसावा म्हणून प्राजू गर्रकन पाण्याकडे वळली, वायर ताणली, चकती डोक्यावरून सुटली, ओल्या बोटांतून यंत्र निसटलं आणि चकतीसकट पाण्यात गेलं. डुबकन आवाज झाला. तो फक्त बाबलीने ऐकला.

त्याने उडी मारली, तळ चाचपला, वर आला, पुन्हा गेला. ओहोटीचं पाणी खाडीतून समुद्राकडे ओढत होतं. शेवटी होडीची कड धरून त्याने जागेच्या खुणा घेतल्या. देवळाचा कळस सुरूच्या तुटक्या शेंड्यामागे, आणि पलीकडच्या तीरावरचा पांढरा क्रूस जांभळीला लागून. खुणा त्याच्या काळजावर कोरल्या गेल्या. प्राजू होडीत बसून त्याच्याकडे पाहून हसत होती. बाबा डुबक्या मारतोय, तिला गंमत वाटत होती.

घरी आनंदीने पोरीचा रिकामा कान पाहिला आणि खालीच बसली.

"तिना आयकल्यान, आनंदी," तो म्हणाला. "खरांच आयकल्यान."

"तांच शेवटचां आयकल्यान," आनंदी म्हणाली. "चार महिने मी त्या माडाखाली उभी रवलंय, 'माड' म्हणूक. आणि तुका माशे आयकवचे होते!"

कोल्हापूरला यंत्र जुळवून देणाऱ्या मॅडमना बाबलीने फोन लावला. त्या बिचाऱ्या शांतपणे बोलल्या. "हे बघा, चकती आणि वायर मिळेल, त्याची काळजी नको. पण कानामागचं यंत्र आता मिळत नाही हो. कंपनीने ते मॉडेल बंद केलं. आता नवी यंत्रं निघालीत, फार चांगली आहेत, पण ती नव्या ऑपरेशनवाल्यांना. प्राजक्ताच्या डोक्यातलं जुनं आहे, नवं त्याच्याशी बोलत नाही."

"मग डोक्यातला बदलूक... म्हणजे, बदलता येणार नाही का?"

"पुन्हा डोकं उघडावं लागेल. योजनेत दुसऱ्यांदा बसत नाही, आणि रांग केवढी आहे ते तुम्ही पाहिलंयत. तुम्ही ते यंत्र शोधा. त्याला सील असतं. सापडलं तर आम्ही उघडून, सुकवून बघू. लवकर शोधा. पोरगी ऐकायची थांबली की बोलणंही विसरते."

बाबलीला त्यातलं एकच कळलं. पलीकडे रोज नवं काहीतरी निघतंय, आणि त्याची पोर जुनी झाली. पाच वर्षांची पोर, जुनी झाली.

त्या दिवसापासून ओहोटी लागली की बाबली खाडीत. गाव मदतीला आलं. पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवणारी पोरं नळकांडी बांधून उतरली, पण खाडीच्या गढूळ पाण्यात त्यांना स्वतःचे हात दिसेनात. रापणवाल्यांनी किनाऱ्यावरून ओढायचं आपलं लांब जाळं ओढून पाहिलं. खेकडे आले, एक फुटकी बादली आली.

मग साल्वादोर आला. लग्नांत आणि चर्चच्या फेस्तांना भोंगे लावणारा, बाबलीचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याने पोतंभर जुने स्पीकर फोडून आतली लोहचुंबकं आणली होती.

"चकतीत चुंबक आसा मा? मगे चुंबक चुंबकाक सोडूचा नाय. चकती गावली काय वायरीवांगडा कानामागचांय येतलां. गळाक मासो येता तसा."

दोघांनी मिळून गवत ओढायच्या एका लांब दाताळ्याला ती चुंबकं ठोकली.

"अर्ध्या तालुक्याची लग्नां लावली ह्यांनी," साल्वादोर म्हणाला. "आता तुजा काम करू नायत तर माका बोल. हस रे मेल्या, हसल्यार दात पडणत नाय."

बाबली हसला नाही. पण कितीतरी दिवसांनी जेवला.

दाताळं पहिल्यांदा पाण्यातून वर आलं तेव्हा प्रत्येक चुंबकाला काळी दाढी फुटली होती. आमच्या वाळूत काळी लोखंडी रेव असते, ती आम्ही जन्मभर तुडवली, पण ती अशी आडवी येईल हे कोणाला ठाऊक? चार हात ओढलं की दाताळं काळ्या रेवेने भरायचं. ते पुसायचं, पुन्हा ओढायचं, पुन्हा पुसायचं. बाबलीच्या बोटांची सालं निघाली. त्यात मीठ जायचं. तो पुसत राहायचा.

आणखी एक होतं. मोठं चुंबक पोरीच्या डोक्याजवळ न्यायचं नाही, असं मॅडमनी पहिल्यापासून बजावलं होतं. म्हणून दाताळं हातात असलं की प्राजूने लांब उभं राहायचं. ती वाळूवर आपली उभी. पूर्वी तो पाण्यातूनच हाक मारायचा, ती पाठमोरी असली तरी वळायची. आता तो नुसता हात हलवायचा.

घरात तिचं बोलणं झिजत चाललं. 'माड' चा 'मा' झाला. 'लाट' चा 'ला' झाला. आवाज कधी एवढा मोठा की कुत्री भुंकायची, कधी एवढा बारीक की ओठच हलायचे. रॉविना टीचर येऊन गेल्या, ओठांवरून शिकवू म्हणाल्या, आणि जाताना फाटकाशी उभ्या राहून त्यांनी डोळे पुसले. ते आनंदीने पाहिलं. तिने बाबलीला सांगितलं नाही.

रापणीची माणसं एकदा बोलवायला आली. घोळ आली असावी, बाबली, एकदा वल्हं लावून बघ. तो म्हणाला, "माका कायेक आयकाक येणा नाय." आणि तेव्हापासून ते वल्हं पडवीच्या आढ्याला उलटं टांगलेलं आहे.

त्याच्या तोंडचं ते जुनं वाक्यही कोणी पुन्हा ऐकलं नाही.

मोठी ओहोटी आली. पाणी कधी नव्हे एवढं मागे हटलं आणि खाडीच्या तोंडाशी कालवांच्या धारदार शिंपल्यांनी भरलेलं खडप उघडं पडलं. बाबली आणि साल्वादोर गुडघाभर पाण्यात होते. आनंदी आणि प्राजू लांब, कोरड्या वाळूवर. दाताळं वर आलं, आणि काळ्या दाढीत काहीतरी गोल चिकटलेलं दिसलं.

"दिल्यान रे!" साल्वादोर ओरडला. "दर्यान दिल्यान, बाबली! आनंदी गो, गावली, गावली!"

आनंदी धावत पाण्यापर्यंत आली आणि थांबली. बाबलीने अंगठ्याने रेव पुसली. चकतीच होती. तिला वायर होती, वीतभर. वायरीचं टोक कालवांच्या धारेने सुरीने कापावं तसं कापलेलं होतं. टोकाला काही नव्हतं.

साल्वादोरची हाक अर्ध्यात थांबली.

जी बाजारात मिळते ती चकती हातात आली होती. जे जगात कुठे मिळत नाही, आणि ज्याला कुठलंच चुंबक धरत नाही, ते खाली राहिलं होतं.

प्राजूने मात्र चकती ओळखली. ती उड्या मारायला लागली, दोन्ही हात पुढे करून. बाबलीने दाताळं ओल्या वाळूत रोवलं, ते तिथेच ठेवून तो पोरीकडे चालत गेला आणि चकती तिच्या हातावर ठेवली. देऊ नये, हेही त्याला सुचलं नाही. तिने ती फ्रॉकला पुसली, फुंकर मारली आणि डोक्यावर नेली. आतलं यंत्र आपल्या जागी होतंच. चकती टिच्च करून बसली, पूर्वीसारखी. वायरीचं तुटकं टोक मानेवर लोंबत राहिलं.

"बाबा, बो," ती म्हणाली. 'बोल' मधला 'ल' कधीच गेला होता.

आणि टीचरच्या खेळात करायची तशी तिने बापाकडे पाठ केली, हात मागे बांधले, आणि ती शब्दाची वाट पाहत ताठ उभी राहिली.

"प्राजू," बाबली म्हणाला.

ती उभीच.

"माड," तो म्हणाला. मग मोठ्याने, "माड!" मग घसा फुटेल एवढ्या मोठ्याने, "दर्यो! प्राजू! दर्यो!" सुरूतले कावळे उडाले. तिच्या वेणीचा केसही हलला नाही. तिने एकदा चकती बोटाने दाबून नीट बसवली, बस एवढंच, आणि पुन्हा हात मागे बांधले. वाट पाहण्यात ती फार शहाणी होती. आईने शिकवलं होतं.

बाबली वळला. त्याने रोवलेलं दाताळं उपटलं.

"खंय जातंस?" आनंदी म्हणाली. "बाबली, भरती लागली हा. खंय जातंस रे?"

कळस तुटक्या शेंड्यामागे येईपर्यंत आणि क्रूस जांभळीला लागेपर्यंत तो पाण्यातून चालत राहिला. साल्वादोरने मान खाली घातली. आनंदी पाहत होती, एकदा त्याच्या पाठीकडे, एकदा पोरीच्या. पाणी त्याच्या कमरेला आलं, मग छातीला, आणि दाताळं पुन्हा तळ चाचपायला खाली गेलं. इकडे कोरड्या वाळूवर प्राजू तशीच पाठमोरी उभी होती, बाबा आता बोलेल म्हणून.