निरोगी झाडाचा संशयी मालक

उल्हास कारखानीस यांचा निरोगी गोष्टींवर विश्वास नव्हता. जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या एका कंपनीत झाडांवरच्या बुरशीला औषधं शोधण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. त्यामुळे बुरशी नसलेलं पान म्हणजे नीट न तपासलेलं पान, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

२०१४ साली त्यांनी बाग असलेलं घर घेतलं. त्यांची बायको मीनल हिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून मे महिन्यात फुललेलं एक झाड दिसायला हवं होतं. बाकी बाग उल्हासरावांनी खुशाल घ्यावी. तिने नर्सरीतून हार्टरीगल आणलं, म्हणजे अमेरिकेतलं डॉगवूड, चार पांढऱ्या पाकळ्यांचं. पाटीवर लिहिलं होतं, या जातीला रोग होत नाही.

"कोण म्हणतं?"

"नर्सरीवाला."

"आल्झो, म्हणजे विकणाराच म्हणतो!"

उन्हाळ्यात उल्हासरावांनी कुठल्याशा पार्कातली डाग पडलेली पानं आणून फांद्यांना बांधली. स्वतःच्याच दारातल्या झाडाला आजारी पाडायला माणूस इतका राबलेला मी दुसरा पाहिला नाही. झाडाला काही झालं नाही. एखाद्याने झाडाचं कौतुक केलं असतं. यांनी शरद ऋतूत दर रविवारी कात्री घेऊन फांद्यांची टोकं मायक्रोस्कोपखाली न्यायला सुरुवात केली.

"अरे, पुढच्या वर्षीच्या कळ्या त्या टोकांनाच धरल्यात," मीनल म्हणाली.

"नमुना टोकाचाच घेतात. कोवळं आधी बळी पडतं."

"ते दिसतंयच."

मे महिन्यात सगळी गल्ली फुलली. कारखानिसांचं झाड हिरवंगार, ठणठणीत आणि बोडकं. मानहाइमहून जेवायला आलेल्या पाहुण्यांना उल्हासरावांनी अंगणात उभं केलं. "एक डाग दाखवा!" पाहुणे बिचारे फूल शोधत होते.

मीनल भांडली नाही. पानगळ सुरू झाली, तसे उल्हासराव बुरशीच्या परिषदेला ड्युसेलडॉर्फला गेले. त्यांची कात्री पुन्हा निघायच्या आत तिने शेजारच्या फ्राउ लिंडनरना हाताशी धरलं, झाड मुळांसकट उपटलं आणि कुंपणापलीकडे लावलं. खिडकीतून दिसेल अशा बेताने.

पुढच्या मेमध्ये फ्राउ लिंडनरच्या बागेत पांढरी फुलं उघडली. मीनल खिडकीशी चहा घेत होती. उल्हासराव कुंपणावर पोट टेकवून, हात लांबवून, पार दमले.

"मीनल, इथून कात्री पोचत नाही गं."

"गेनाऊ, तेच तर," मीनल म्हणाली.