सुरीला आई म्हणायचा ठराव

सुरभीला मुलगी झाली तेव्हा तिला एकोणीस वर्षं पूर्ण होऊन दीड महिना झाला होता. दवाखान्यातून कळंबला घरी आल्यावर तिने पहिलं काम काय केलं, तर कोणीतरी आणलेला खुळखुळा स्वतः वाजवून पाहिला. चांगला वाजत होता. तो बाळाला द्यायचं मग राहूनच गेलं.

लग्नात तिच्या वयाची चौकशी कडक झाली होती. सासरे विठ्ठलराव कायद्याला भिणारे. त्यांनी तिचं आधार कार्ड एकदा चष्मा लावून आणि एकदा चष्मा काढून पाहिलं, आणि अठरा पूर्ण झाल्याच्या आठव्या दिवशी मांडव घातला. कार्डावर वय होतं. बाळाला अंगाईत काय म्हणायचं, ते कार्डावर नव्हतं. सुरभीला एकही अंगाई येत नव्हती, म्हणून ती पोरीला सतराचा पाढा म्हणून झोपवायची. एकशे दोनपर्यंत पोरगी झोपली तर ठीक, कारण त्यापुढे सुरभीलाच पाढा येत नव्हता. बहुतेक वेळा एकशे दोनला सुरभीच झोपायची आणि पोरगी टक्क जागी.

अशा वेळी पोरीला उचलायची ती सासू, तानाबाई. न्हाऊ, तेल, गुटी, दृष्ट सगळं तिच्याकडे. आणि घरात ‘आई’ही तीच. सुरभीचा नवरा अंकुर तिला आई म्हणायचा, सुरभी आई म्हणायची, दूधवाला दारातून ‘आई, दूध’ म्हणून ओरडायचा. सुरभी मात्र सगळ्यांची सुरी. सुरे, चहा ठेव. सुरे, कपडे काढ दोरीवरचे. सुरे, पोळी कच्ची राह्यली.

लेकरं कानाने शिकतात. सोनू दीड वर्षाची झाली आणि एके दिवशी पाटावर बसून, अगदी तानाबाईच्या ठसक्यात म्हणाली, “सुये, पानी!”

घर हसून लोळलं. सुरभीही लोळली. पुढची दोन वर्षं ती यावर हसतच होती. ते हसू थांबलं अंगणवाडीत.

डिसेंबरातली गोष्ट. ती सोनूला घ्यायला गेली, तेव्हा गल्लीतल्या चार बायाही आपापली लेकरं घ्यायला आल्या होत्या. अंगणवाडीच्या प्रेरणाताईंनी सोनूला विचारलं, “सोनू, हे कोण आली वो तुले घ्याले?”

“सुरी.”

“सुरी कोण तुही?”

सोनूने जरा विचार केला. “आमच्या घरी काम करते.”

बाया फिदीफिदी हसल्या. त्यातल्या एकीने मुद्दाम विचारलं, “अन् तुही आई?”

“आई वावरात गेली. तूर पाहाले.”

“मंग हे सुरी चांगली हाय का कामाले?”

“हाय. पन आयकत नाई,” सोनू म्हणाली, आणि सुरभीच्या हातात दप्तर देऊन पुढे चालू लागली.

प्रेरणाताईंनी हसू आवरलं आणि हळूच सांगितलं, “सव्वीस जानेवारीले लेकरं माईकवर आपलं नाव सांगणार, मंग आईचं. अन् ज्याची त्याची आई वर येऊन तिळाचा लाडू भरवणार. पाह्य बाप्पा. नाही तर तानाबाईच येतीन वर.”

सुरभीच्या डोळ्यांपुढे तो माईक उभा राहिला. कार्यक्रमाला घाटंजीहून तिची माय येणार होती. सारी गल्ली येणार होती. आणि त्या गल्लीसमोर ती कोण ठरणार? कामवाली, आणि तीही न ऐकणारी.

त्याच संध्याकाळी, सगळे जेवायला बसले असताना तिने ठराव मांडला. “उद्यापासून सोनूसमोर सगळ्यायनं मले आई म्हनाचं.”

अंकुरचा घास अडला. “मी बी?”

“तुमी बी.”

“अन् फोनवर? मी लोहाऱ्याले कंपनीत असतो, चार पोट्टे बाजूले बसले असते...”

“फोन सोनूच उचलते. म्हनाच लागन.”

विठ्ठलरावांची अडचण निराळी होती. ते साडेचार वर्षांत सुनेशी थेट एक अक्षर बोलले नव्हते. चहा हवा असला की ते छताकडे पाहून म्हणायचे, “आज चहा नाई झाला वाटते.” आताही ते छतालाच म्हणाले, “सुनेले आई म्हना म्हन्ते. उद्या म्हनन, पाया पडा.”

तानाबाई तव्यावरची भाकर उलटत होती. तिने विचारलं, “अन् मले काय म्हनान?”

“आजी,” सुरभी म्हणाली.

“आजी.” तानाबाईने तो शब्द अळणी वरणासारखा तोंडात फिरवला. “मी पंचेचाळीसची हाय. अन् तुले काय वाटते, मले हे जागा आयतीच भेटली? अंकुर झाला तवा मी अठराची होती. तुह्यावून लहान. हे पोट्टं सात वर्षांचं होयेपर्यंत मले ‘ताने’ म्हने. ताने, चड्डी दे. ताने, नाक पूस.”

“आई, जाऊ दे न,” अंकुर म्हणाला.

“कायले जाऊ देऊ? म्हनत होता का नाई? सासूबाई गेल्या, तवा कोठी मी आई झाली. मले सात वर्षं लागले, अन् इले साडेतीन वर्षांत पायजे.”

“मंग तुमाले वाईट नाई वाटे?” सुरभीने विचारलं.

तानाबाईने भाकर तव्यावरून निखाऱ्यावर टाकली. ती फुगली. “वाटे न. सासूबाई लेकराले मांडीवर घेऊन माह्याकडे पाहे अन् हासे. वाटे, चिमटा काढाव बुढीले.” मग तिने भाकर सुरभीच्या ताटात टाकली. “म्हनू आमी. पन सव्वीस तारखेपर्यंतच. मंग माही जागा मले वापस.”

दुसऱ्या दिवसापासून घराची गाडी रुळावरून घसरली.

तानाबाईच्या लक्षात आलं की ‘सुरे, भांडे घास’ हे जितकं सहज तोंडातून निघतं, तितकं ‘आई, भांडे घास’ निघत नाही. जीभच अडते. ती म्हणायची, “सु... आई, भांडे...” आणि थांबायची. मग नाइलाजाने, “भांडे घासता का वो जराशे?” चार दिवसांनी तर ती स्वतःच घासू लागली, तेवढं बोलण्यापेक्षा सोपं होतं.

विठ्ठलराव पहिल्या दिवशी अकरा वाजेपर्यंत बिनचहाचे राहिले. दुसऱ्या दिवशी छताकडे पाहून म्हणाले, “आई.” छत काही बोललं नाही. मग त्यांनी नजर खाली केली आणि सुनेकडे पाहून, आयुष्यात पहिल्यांदा, थेट म्हणाले, “आई, चहा दे.” आणि त्याच क्षणी त्यांचा उजवा हात खर्‍याच्या पुडीसकट पाठीमागे गेला. त्यांची माय होती तोवर तिच्यासमोर त्यांनी कधी हा तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला नव्हता. तोंडातून ‘आई’ निघालं की हाताला तेच आठवायचं. त्या महिन्यात त्यांचा खर्रा निम्म्यावर आला.

अंकुरचं कंपनीत नाव झालं. जेवणाच्या सुट्टीत तो फोनवर “हो आई, आनतो आई” करायचा. सोबतची पोरं म्हणाली, असा मायभक्त लेक होणे नाही. पण एके दिवशी तो म्हणाला, “आई, आज ते हिरवी साडी नेस न, लय भारी दिसते तुले.” धम्मदीप नावाच्या मित्राने आपला डबा उचलला आणि दुसरीकडे जाऊन बसला.

सोनू हे सगळं पाहत होती. नवव्या दिवशी तिने विचारलं, “सुरी कोठी गेली?”

“गावाले गेली,” अंकुरने ठोकून दिलं.

“कवा येते?”

“आता नाई येत ते.”

सोनूने हे मनात ठेवलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी घरची बकरी व्याली, आणि सोनूने काळ्या पिल्लाचं नाव सुरी ठेवून रिकामी जागा भरून टाकली. “सुरे, आयकत काहून नाई तू? सुरे, किती सांगू तुले?” पिल्लू तिच्या मागे मागे फिरायचं. तानाबाई चुकून “सुरे!” म्हणून ओरडली, की अंगणातून तेच उड्या मारत स्वयंपाकघरात यायचं आणि पिठाच्या परातीत तोंड घालायचं.

सगळं झालं, पण जे व्हायचं ते होईना. तानाबाईला सोनू आजी म्हणू लागली, पण सुरभीला ती सुरी म्हणेना, आणि आईही म्हणेना. ती काहीच म्हणेना. सुरभीने तिळाचे लाडू देऊन पाहिले, फोनवर कार्टून लावून दिलं, पाढा एकशे सत्तरपर्यंत पाठ केला. सोनू लाडू खायची, आणि तहान लागली की आजोबांसारखी छताकडे पाहून म्हणायची, “आज पानी नाई भेटत वाटते.”

सव्वीस जानेवारीला अंगणवाडीपुढे सतरंज्या घातल्या होत्या. सुरभी हिरवी साडी नेसून मंचाच्या पायरीजवळ उभी होती, हातात लाडू. घामाने तो आता लाडू कमी आणि चिक्की जास्त झाला होता. विठ्ठलराव खुर्चीवर, तानाबाई आणि घाटंजीची माय शेजारी शेजारी.

सोनूचा नंबर आला. प्रेरणाताईंनी माईक तिच्या तोंडाशी धरला. “नाव सांग बेटा.”

“सोनू.”

“अन् आई कोठी हाय तुही?”

सोनूने समोर पाहिलं. तानाबाईकडे पाहिलं. सुरभीकडे पाहिलं. मग तिची मान हळूहळू वर मांडवाच्या कापडाकडे जाऊ लागली. सुरभीने तिला ओळखलं. आता ही काही म्हणत नाही. मागून एक बाई म्हणाली, “सांग न, वावरात गेली का?” आणि सतरंजीवर हशा पिकला. सुरभीने पायरीवर ठेवलेला पाय खाली घेतला.

तेवढ्यात तानाबाई उठून उभी राहिली. लाऊडस्पीकर नको इतका तिचा आवाज.

“आई! अवो आई! वर चढा न लवकर, पोरगी खोळंबली! अन् पदर सावरा आपला!”

साऱ्या गल्लीने माना वळवल्या. सासू आपल्या सुनेला आई म्हणते, तेही अहो-जाहो करून, हे कळंबात कोणी ऐकलं नव्हतं. विठ्ठलरावांनी घाईने खर्रा खिशात घातला.

सोनूची मान खाली आली. आजीच हिला आई म्हणते म्हणजे नक्कीच. तिने सुरभीकडे बोट केलं आणि माईकला ओठ चिकटवून सांगितलं, “हे पाह्य माही आई. आजीची बी आईच हाय. आबाची बी हाय. बाबाची बी हाय. पन माही जास्त हाय.”

“बरं, बरं,” प्रेरणाताईंना हसू आवरेना. “अन् आईचं नाव काय?”

“पह्यले सुरी होतं,” सोनू म्हणाली. “ते आता बकरीले देलं.”

पुढच्या तीन लेकरांची नावं हशात कोणाला ऐकूच आली नाहीत. सुरभीने लाडू इतक्या घाईने भरवला की अर्धा सोनूच्या नाकाला लागला. “आई, नाक पूस,” सोनूने बजावलं. सुरभीने हिरव्या साडीचा पदर खुशाल नाकाला लावला.

घाटंजीच्या मायला बसमध्ये बसवून देऊन दुपारी सगळे घरी आले. तानाबाई ओसरीवर टेकली, पाय पसरले आणि म्हणाली, “झालं न तुयं सव्वीस जानेवारी? आता माही जागा वापस. सुरे, चहा ठेव.”

काळं पिल्लू धावत आलं.

“आजी, ते बकरी हाय,” सोनू ओरडली. “बकरी चहा ठेवते का? आईले सांग!”

तानाबाईने पिल्लाकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. सात वर्षं वाट पाहून मिळालेली जागा, आणि देऊन बसली महिनाभरात. तिने कपाळावर हात मारला.

“ठेवतो मी, आई,” सुरभी म्हणाली, आणि ‘आई’ वर जरा जोर दिला. “तुमी बसा. भांडे बी मी घासतो.”

तानाबाईने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. “रोज?”

“एक दिवसाआड.”

विठ्ठलराव दारात उभे राहून पुडी सोडत होते. त्यांनी सवयीने हाक दिली, “आई, चहा होऊन राह्यला का?”

“ओ,” दोघी एकदम म्हणाल्या.

समोर एक नाही, दोन दोन आया पाहून विठ्ठलरावांनी पुडी पुन्हा बांधली, पाठीमागे धरली, आणि छताकडे पाहत तसेच बाहेर निघून गेले.