घुबडाची दुर्बीण

लाकडाच्या वखारीतल्या रखवालदाराला सगळे घुबड म्हणायचे. काळोखात बॅटरी न लावता ते फळ्यांच्या थप्प्यांमधून फेरी मारायचे, म्हणून. साहित्याची पदवी घेऊन मी तिथे बिलं लिहायला लागलो, तेव्हा मलाही त्याचं अप्रूप वाटलं. मी त्यांना काका म्हणायचो. ते मला साहित्यिक म्हणायचे, चिडवायला.

एकदा त्यांनी अंधारात दिसणारी, एका डोळ्याची दुर्बीण शोधायला सांगितली. स्वस्तातली. थप्प्यांमागे काहीतरी खुडबुडतं, उंदीर असणार, बघायचंय म्हणाले.

मी फोनवर धुंडाळलं. अंधुक उजेड वाढवणाऱ्या भारी नळीच्या दुर्बिणी आवाक्याबाहेर होत्या. आत कॅमेरा आणि छोटा पडदा असलेल्या परवडणाऱ्या होत्या. काकांना सगळ्यात लांबचं दाखवणारी हवी होती. लांबचं बघायला गेलं की आजूबाजूचं दिसत नाही, असं मी समजावलं. वखारीचं आवार ते केवढं. अखेर कमी ताकदीची, साध्या सेलवर चालणारी घेतली.

दुपारी खिळे-बिजागऱ्यांच्या खोलीत दार लोटून, दिवा घालवून आम्ही ती जुळवायला बसलो. आधी डोळ्याकडची चकती फिरवायची, पडद्यावरचे आकडे स्वच्छ दिसेपर्यंत. मग पुढचं भिंग. काका दोन्ही एकदम फिरवत होते आणि कंपनीला शिव्या देत होते. शेवटी जमलं.

कोपऱ्यात काय दिसतंय, मी विचारलं. झाडू, ते म्हणाले आणि दुर्बीण खाली घेतली.

"आणि आता?"

दाराच्या फटीतून उजेड येत होता. मला झाडू नुसत्या डोळ्यांनी दिसत होता.

"आता काही नाही," ते म्हणाले. "बरीच वर्षं झाली. संध्याकाळ झाली की संपलं."

बॅटरी लावली काय, न लावली काय, त्यांना सारखंच. थप्पीला हात लावत ते फेरी पुरी करायचे. नोकरी जाईल म्हणून काकूंनाही सांगितलं नव्हतं. आणि आम्ही त्यांना घुबड म्हणत होतो.

त्या दिवशी कामावरून सुटूनही मी थांबलो. अंधार पडताच काकांनी केबिनच्या बंद खिडकीतून दुर्बीण लावली. सगळं पांढरंफटक. स्वस्तातला माल, ते पुटपुटले. दुर्बीण स्वतःच सोडते तो डोळ्यांना न दिसणारा प्रकाश काचेवरून उलटत होता. आम्ही बाहेर आलो. दुर्बीण डोळ्याला लावूनच ते निघाले आणि पहिल्याच फळीला अडखळले. मी सावरलं.

मग ते उभे राहूनच बघू लागले. बराच वेळ.

"मांजर आहे. पिल्लंही आहेत." मग म्हणाले, "तिथे चोर असता तर? मला कळलंही नसतं."

त्यांनी दुर्बीण खाली घेतली.

"उद्या मालकांना सगळं सांगतो. दिवसपाळी मागतो."

"नाही दिली तर?"

"तर घरी बसून काकूंची बोलणी खाईन. ती तशीही खायचीच आहेत."

दुर्बीण त्यांनी माझ्या हातात दिली. थप्पी हाताशीच होती. त्यांनी माझा खांदा धरला.

"चल साहित्यिक. आजची फेरी राहिलीय."