गुरुवारचा शेवटचा तास

ऐकायला घरी माणूस नसलं की किस्से साठत जातात. माझी तर थप्पी लागली होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी लग्न होऊन मी मिरजेहून वसईला आले, एव्हरशाईन सिटीत, तिसऱ्या मजल्यावर. नवरा सकाळी पावणेसातला बाहेर पडायचा आणि रात्री नऊला यायचा. आल्यावर त्याला एकच वाक्य ऐकायचं असायचं, "पान वाढलंय." त्यामुळे शाळेतलं जे काही सांगायचं ते मी कणीक मळताना परातीला सांगायचे. परात ऐकते चांगलं. हसत मात्र नाही.

शाळा मराठी माध्यमाची. मी रजेच्या जागेवर आलेली नववीची इंग्रजीची बाई. स्टाफरूममध्ये एका लोखंडी कपाटात कुणीतरी परदेशी जाताना देऊन गेलेली साठेक इंग्रजी गोष्टींची पुस्तकं होती, कायम कुलपात. मी मुख्याध्यापिकांकडे, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंकडे, वाचनासाठी आठवड्याला एक तास मागितला. त्यांनी गुरुवारचा शेवटचा दिला.

"नाताळपर्यंत बघू," म्हणाल्या. "फरक दिसला तर ठेवू. नाहीतर तो तास गणिताला."

मोठ्या बाई स्वतः गणित शिकवायच्या.

तो तास जाऊ नये असं मला फार वाटायचं. कारण सांगायला जरा लाजच वाटते. भाजी, गॅस आणि पाण्याची वेळ सोडून कुणी माझ्याशी बोलायचं ते आठवड्यात तेवढ्याच वेळी.

* * *

पहिल्या गुरुवारी मी वर्गाला विचारलं, "कसली पुस्तकं आवडतात तुम्हाला?"

रोझलिन नावाची मुलगी उठली. गावातल्या वाडीवरची, वर्गाच्या वतीने बोलायची जबाबदारी तिची.

"बाई, हे परीक्षेत आहे का?"

"नाही."

"मग का वाचायचं?"

उत्तर मला सुचलं ते संध्याकाळी, आमटीला फोडणी देताना. फार छान, मुद्देसूद उत्तर होतं. घरात मी आणि आमटी.

* * *

शाळेचा नियम असा की पुस्तक म्हटलं की त्याला खाकी कव्हर हवंच. दुसऱ्या आठवड्यात मुलींनी उत्साहाने एका दुपारीत साठही पुस्तकांना कव्हरं घातली. वर लेबलं लावली. लेबलावर सवयीने स्वतःचं नाव, इयत्ता, तुकडी लिहिली. पुस्तकाचं नाव एकीनेही लिहिलं नाही.

आता कपाटात साठ एकसारखी पुस्तकं, आत काय आहे ते देवाला ठाऊक. कव्हरं काढायला सांगायचा मला धीर झाला नाही, इतकी नीट घातली होती. "जे हाताला लागेल ते न्या," म्हटलं.

महिन्याभरात कव्हरांवर पेन्सिलीने शेरे उमटायला लागले. "पहिली वीस पानं सोड." "यातल्या सगळ्या बायका रडतात." एकावर, "कुत्रा मरतो. आधीच सांगते." त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात, "तरी वाच."

पुस्तकांना तीच नावं पडली. "बाई, कुत्रा मरतो परत आलं का?" म्हणून मधल्या सुट्टीत चौकशी व्हायची. त्याला पाच जणांचा नंबर लागला होता.

* * *

नालासोपाऱ्याहून येणाऱ्या मयूरची अट एकच, "सगळ्यात बारीक द्या." दिलं. मग त्याहून जरा जाड. मग एक दिवस त्याची आई शाळेत आली.

"मॅडम, याला काय दिलंय तुम्ही? आमच्या चाळीत आठ बिऱ्हाडांत दोन संडास. हा पुस्तक घेऊन आत बसतो. बाहेर लाईन लागते, लोक दरवाजा वाजवतात, आणि हा आतून ओरडतो, चॅप्टर संपू दे."

मी माफी मागितली. पुस्तक देणं बंद करते म्हटलं.

"बंद कशाला?" ती म्हणाली. "छोट्या चॅप्टरचं द्या ना."

* * *

रोझलिनच्या हाताला एक प्रेमकथा लागली. तिच्या आईने कव्हर उघडून आतलं चित्र पाहिलं आणि पुस्तक थेट चर्चमध्ये फादरकडे नेलं, मुलीने हे वाचावं की नाही ते विचारायला. फादर म्हणाले, तपासून सांगतो.

एक आठवडा गेला. दोन गेले. तिसऱ्या गुरुवारी मी रोझलिनला विचारलं, "पुस्तकाचं काय झालं?"

"तपासतायत अजून."

चौथ्या आठवड्यात पुस्तक आलं. हरकत घेण्यासारखं काही नाही असा निरोप होता. आणि याचा दुसरा भाग असल्यास तोही तपासावा लागेल, असाही.

* * *

दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद. नवऱ्याला सुट्टी दोनच दिवस. बिल्डिंगमध्ये बेल वाजली की मी दाराकडे जायचे, ती समोरच्यांची असायची.

एकदा मात्र आमचीच वाजली. रोझलिन आणि तिच्या दोन मैत्रिणी. वॉचमनला 'इंग्लिशच्या बाई' एवढंच सांगून त्यांनी घर शोधलं होतं. मी चिवडा दिला, चकल्या दिल्या, परत चिवडा दिला. त्या संकोचून सोफ्याच्या कडेवर बसल्या होत्या.

"बाई, दिवसभर तुम्ही एकट्याच?"

"हो."

"किती मजा. तुमचं केवढं वाचून होत असेल."

मी हो म्हटलं. खरं म्हणजे लग्न झाल्यापासून माझं एक पानही वाचून झालं नव्हतं. पुस्तक उघडलं की घर आणखीच शांत व्हायचं.

* * *

नाताळच्या सुट्टीआधीच्या शनिवारी पालकसभा होती. सहामाहीचे निकाल टेबलावर, शेजारी मोठ्या बाई, त्यांच्यासमोर नव्या वेळापत्रकाचा कागद. गुरुवारचा शेवटचा चौकोन तेवढा रिकामा.

"मार्क होते तिथेच आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मुलं वाचतात, ते दिसतंय मला. पण वाचून होतं काय, ते दाखवा."

मी काय दाखवणार.

तेवढ्यात जूचंद्र गावची हर्षदा तिच्या वडिलांना घेऊन आली. आतापर्यंत ती माझ्याशी चार वाक्यंही बोलली नसेल. वडील मिठागरावर कामाला. मीठ पिकायच्या दिवसांत तिथेच खोपीत एकटे राहायचे. पाय घोट्यापर्यंत पांढरे पडलेले. मी प्रगतीपुस्तक पुढे केलं, त्यांनी ते पाहिलंही नाही.

"बाई, त्या बत्तीवाल्या मानसाचा फुडं काय झाला?"

मला काही कळेना. मग हर्षदाने खाली बघत सांगितलं. रविवारी ती बाबांना भाकरी घेऊन मिठागरावर जाते. बाबा जेवतात तोवर ती पुस्तकातलं एकेक पान आपल्या बोलीत सांगते. भर समुद्रात खडकावर दीपगृह आहे, तिथे एक माणूस दिवा सांभाळतो. त्याला न्यायला होडी येणार असते. येत नाही. दिवस जातात, महिने जातात, आणि तो एकटा.

"पुढची पानं नाहीत, बाई. फाटलीयत."

"म्हनून इचाराला आलो," वडील म्हणाले. "तुमाला ठावं असंल."

मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. खोटा शेवट रचून सांगता आला असता.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी ते पुस्तक वाचलेलं नाही."

मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि वेळापत्रक जवळ ओढलं.

वडील माझ्याकडे वळून, चूक कबूल करावी तसे म्हणाले, "मंग आमीच शेवट केला ता चालंल ना?"

"काय केलंत?"

"घरी आनला त्याला."

मोठ्या बाईंचा हात कागदावर थांबला. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पायाने एक खुर्ची पुढे सरकवली.

"बसा," त्या म्हणाल्या. "कसा आणलात?"