‘काम काय करता?’ विचारणाऱ्या बाई

बाईंची खोली जिन्याखाली होती. त्या इस्पितळात कर्करोगावर संशोधन करायला आलेली ही पहिलीच बाई. तिला बसवायचं कुठे, हा प्रश्न मोठ्या साहेबांनी झाडू-बादल्या हलवून सोडवला होता. उंच माणसाचं डोकं तिथे हमखास आपटायचं. बाई बुटक्या, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही.

त्या खोलीत एकोणिसाव्या वर्षी काचा धुवायला आलेली मुलगी पुढे बाईंचा उजवा हात झाली. सगळे तिला काचवालीच म्हणत. मेणात बसवलेल्या मांसाच्या तुकड्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, तो काचपट्टीवर अलगद पसरायचा, हे बाईंनी तिला हात धरून शिकवलं. पहिले दोन महिने तिचा एक काप धड निघाला नाही. बाई एवढंच म्हणायच्या, “श्वास रोख गं, हात नको रोखूस.”

पण काचवालीला नवल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. बाकीचे डॉक्टर रोग्याला विचारत, काय होतंय? बाई खाटेपाशी स्टूल ओढून विचारत, “काम काय करता?” कोणी गवंडी असे, कोणी शिंपी. उत्तर कार्डावर उतरायचं आणि कार्ड बुटांच्या खोक्यात जायचं. सहा वर्षांत तीन खोकी भरली. मोठे साहेब हसायचे, “अहो, रोग बघा! रोग्याची सोयरीक जुळवायचीय का तुम्हाला?”

एका दुपारी बाईंनी अकरा कार्डं टेबलावर मांडली. अकराही जणांना लघवीच्या पिशवीचा कर्करोग, आणि अकराही एकाच रंगाच्या कारखान्यातले.

काचवालीचा हात थांबला. “बाई, माझे बाबा तिथेच आहेत. एकवीस वर्षं.”

बाई म्हणाल्या, “उद्या आपण तिथे जाऊ.”

साहेबांनी परवानगी दिली नाही, मॅनेजरने फाटक उघडलं नाही. तेव्हा बाई पाळी सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभ्या राहिल्या, दोन पिशव्या भरून रिकाम्या बाटल्या घेऊन. त्यात काय भरून हवंय हे ऐकल्यावर पुरुष खदाखदा हसले. काचवालीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

“बाई, लोक आमच्याकडे रंग मागतात. तुम्हाला कुठला हवा?”

“जो येईल तो,” बाई म्हणाल्या. “नाव तेवढं नीट सांगा. नाहीतर दुखणं तुमचं आणि ऑपरेशन शेजाऱ्याचं.”

पुन्हा हशा पिकला, पण आता तो बाईंच्या बाजूचा होता. कोपरापर्यंत निळ्या हातांच्या मुकादमाने पहिली बाटली उचलली. मग रांगच लागली.

लघवीच्या एकशे चाळीस बाटल्या आल्या. काचवालीकडे फक्त आकडे असत. नावांची वही बाईंच्या खणात. ती काचा तयार करायची आणि आधी स्वतः बघायची. त्रेसष्ट नंबरच्या काचेवर तिला पेशी दिसल्या त्या वेड्यावाकड्या, प्रत्येक पेशीच्या पोटातला गोळा काळा आणि फुगलेला. तिने काच बाईंकडे दिली. बाईंनी बराच वेळ पाहिलं, वही उघडली, मिटली.

“बस जरा.”

काय ते काचवालीला कळलं.

बाबा इस्पितळात यायला तयार होईनात. शेवटी बाईच घरी आल्या.

“डॉक्टरीणबाई, मला काही म्हणजे काही होत नाहीये. खणखणीत आहे मी.”

“म्हणूनच आले. व्हायला लागलं, की माझा फारसा उपयोग नसतो.”

“मग तुम्हाला दिसलं कसं?”

“मला कुठलं? आधी तुमच्या लेकीला दिसलं.”

बाबा लेकीकडे बघतच राहिले. ती चौथीत नापास झाली तेव्हा त्यांनीच तिची शाळा सोडवली होती. मग म्हणाले, “आहे असाच येऊ, की धुतलेला शर्ट घालू?”

गाठ मसुराच्या दाण्याएवढी निघाली. ती काढल्यावर बाबा अठरा वर्षं जगले. एकूण सात जणांच्या काचा वाईट निघाल्या. सहा जण वेळेत सापडले. मुकादमाला मात्र उशीर झाला होता. तो जाईपर्यंत बाई रोज त्याच्या खाटेपाशी बसत, आणि त्या दिवसांत त्या कोणाशी धड बोलत नसत.

कारखान्यातल्या ज्या रंगाच्या भुकटीने हा रोग व्हायचा, ती बंद व्हायला पुढे नऊ वर्षं लागली. कोर्टातल्या दर सुनावणीला बाई ती तीन खोकी छातीशी धरून जात. मॅनेजरच्या वकिलाने एकदा विचारलं, “या चिटोऱ्यांना पुरावा म्हणता?” बाई म्हणाल्या, “मी माणसं म्हणते,” आणि एकेक कार्ड वाचायला लागल्या. चाळिसाव्या कार्डाला वकील खाली बसला.

बंदीचा कागद फाटकावर लागला त्या दिवशी दोघी बघायला गेल्या. पाळी सुटली. नव्या दमाची पोरं चेष्टामस्करी करत बाहेर पडली. एकाचा धक्का लागून बाईंचा चष्मा घसरला. “सॉरी हं, काकू,” म्हणून तो पुढे गेला. काचवालीला वाटलं, त्याची कॉलर धरावी आणि सांगावं, अरे, या कोण आहेत ठाऊक आहे का तुला?

बाई चष्मा सावरत त्या पोरांच्या पाठी बघत होत्या. परीक्षेचा निकाल वाचणाऱ्या मुलीसारखा त्यांचा चेहरा झाला होता.

“यातलं कोणीच आपल्याकडे येणार नाही बघ,” त्या म्हणाल्या.